लाकूडखाऊ मासा आणि आपली हौस

सध्या प्लांटेड टँकचं खूळ जोरात आहे. छानच आहे! दिवसभर स्क्रीनकडे बघून आल्यावर घरी जरा हिरवळ दिसली तर कोणाला नको आहे? पण त्याच चार फुटी टँकमध्ये हौसेने रॉयल प्लेको सोडणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

रॉयल प्लेको, म्हणजे पॅनाक, हा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला कॅटफिश. पाण्यात पडलेली लाकडं चमच्यासारख्या दातांनी खरवडतो. दुकानात बोटाएवढा असतो, अंगावर झकास रेघा. वाढला की शेपटी सोडून ४३ सेंटीमीटरपर्यंत जातो. आपल्या टँकची रुंदी दीड फूट, म्हणजे ४६ सेंटीमीटर. शेपटी धरली तर स्वारी आडवी मावतसुद्धा नाही. एवढं गणित करायला इंजिनियर व्हावं लागत नाही!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पण मी ड्रिफ्टवूड टाकलंय ना!"

लाकूड हवंच, पण तेवढ्याने पोट भरत नाही. डोनोव्हन जर्मन या संशोधकाने २००९ साली या माशांचं पचन तपासलं. लाकूड चार तासांच्या आत बाहेर पडतं, आणि नुसत्या लाकडावर ठेवलेल्या माशांचं वजन घटतं. वाळवीसारखं लाकूड पचवणं त्यांना जमत नाही. म्हणजे काकडी, पेलेट्स वगैरे रोज द्यायलाच हवं. आणि खाल्लेल्या लाकडाचा भुसा? तो बसतो तुमच्या महागड्या कार्पेट प्लांट्सवर. शिवाय स्वारीने रात्री एक गिरकी घेतली की सकाळी निम्मी रोपं तरंगताना दिसतात. पानं खरवडली जातात ते वेगळंच.

मग मालक वैतागतो आणि "तळ्यात सोडून देऊ" म्हणतो. कृपा करून हे करू नका! याच कुळातला दुसरा एक मासा, आपण ज्याला 'सकर' म्हणतो तो, असाच बाहेर पडून कोलकात्याच्या पाणथळ भागांपासून आंध्रपर्यंत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन बसलाय.

पॅनाकच हवा असेल तर सहा-सात फुटी टँक करा, दणकट फिल्टर लावा, लाकूड भरा आणि हिरवळीचा नाद सोडा. हिरवळ हवी असेल तर बुशीनोज प्लेको आणा. तोही लाकूड खरवडतो आणि वीतभरही वाढत नाही.

हौसेला मोल नसतं म्हणे. नसेना का! पण ते त्या माशाने का चुकवावं?