मॅरेथॉनचा कस शेवटच्या धावपटूपाशी

शहरात मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन छायाचित्रे हमखास असतात. एक विजयाची फीत तोडणाऱ्या आफ्रिकी धावपटूचे आणि दुसरे हिरवा झेंडा दाखवणाऱ्या एखाद्या सिनेतारकेचे. या दोहोंच्या मधल्या चार-पाच तासांत रस्त्यावर हजारो माणसे काय अनुभवतात, याची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक नवी मॅरेथॉन शहरात रुजणार की दोन-तीन वर्षांत तिचे बॅनर उतरणार, हे याच अनुभवावर ठरते. महाराष्ट्रात आज जिल्ह्याजिल्ह्यांत, किंबहुना तालुक्याच्या गावांतही मॅरेथॉन भरू लागल्या आहेत. अशा वेळी मुंबईने २००४ मध्ये केलेल्या पहिल्या प्रयोगाकडे धावपटूंच्या बाजूने पाहणे उद्‌बोधक ठरेल.

महाराष्ट्राला मॅरेथॉन नवी नव्हती. पुण्यातील आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनलाही मोठी परंपरा आहे. तरीही १५ फेब्रुवारी २००४ च्या रविवारी मुंबईत जे घडले, त्याची जातकुळी वेगळी होती. तोपर्यंत आपल्याकडे मॅरेथॉन ही लष्कर, पोलिस, रेल्वे आणि ग्रामीण भागातील धावपटूंची गोष्ट मानली जाई. इतरांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या. बँकेत नोकरी करणारा, लोकलने रोज प्रवास करणारा, चाळिशीला आलेला माणूस ४२.१९५ किलोमीटर धावू शकतो आणि त्याने तसे धावावे यासाठी शहराचे हमरस्ते बंद ठेवता येतात, ही कल्पना मुंबईकरांच्या पचनी पडणे सोपे नव्हते. छत्रपती शिवाजी टर्मिनसपासून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, माहीममार्गे वांद्र्यापर्यंत आणि तेथून परत, असा तो मार्ग. ज्या रस्त्यावर एरवी तासभर गाडीत बसून पुढच्या गाडीचा मागचा दिवा न्याहाळायचा, तोच रस्ता त्या सकाळी पायांखाली मोकळा मिळाला. पहिल्या वर्षी धावलेल्यांच्या आठवणींत थकव्यापेक्षा या मोकळ्या रस्त्याचाच उल्लेख अधिक येतो.

पहिल्या वर्षीचा विजेता होता दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला. त्याने २ तास १५ मिनिटे ४७ सेकंद अशी वेळ दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनही जिंकली. म्हणजे मुंबईच्या पहिल्याच शर्यतीला जागतिक दर्जाचा विजेता लाभला होता. पण रामाला आंघोळ आटोपून बसला असेल, तेव्हा पूर्ण मॅरेथॉनचे बहुतांश हौशी स्पर्धक जेमतेम निम्म्या वाटेवर होते. त्यांची खरी शर्यत तेथून पुढे सुरू व्हायची होती.

शरीरशास्त्राचा हिशेब येथे निष्ठुर असतो. स्नायू आणि यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन साधारणतः तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. त्यानंतर पाय जड होतात, मन भरकटते, साधी बेरीज जमेनाशी होते. धावपटू याला 'भिंत' म्हणतात. मुंबईच्या मार्गावर ही भिंत ओलांडेपर्यंत, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडचा चढ समोर उभा ठाके. टॅक्सीत बसून जाताना हा चढ आहे हेसुद्धा जाणवत नाही. पस्तीस किलोमीटर धावून आलेल्याला मात्र तो घाटासारखा भासतो. मुंबईत धावलेले कोणीही दोघे भेटले की पाच मिनिटांत बोलणे पेडर रोडवर येते, ते उगाच नाही.

चढापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे ऊन आणि दमट हवा. लांब पल्ल्याच्या धावण्याला दहा अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. मुंबईत भर हिवाळ्यातली पहाटही त्याहून उबदार असते. हवेतील आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर तर थंडी जवळपास संपलेलीच असते. साडेचार-पाच तास धावणाऱ्यांना शेवटचे दहा किलोमीटर चढत्या उन्हात काढावे लागतात, हा पहिल्या वर्षीचा सर्वांत बोलका धडा होता. दुसऱ्या वर्षापासून मुंबई मॅरेथॉन जानेवारीत भरू लागली आणि पुढे हौशी धावपटूंना अंधारातच सोडण्याची पद्धत रूढ झाली, यात अनेकांना केवळ वेळापत्रकातील फेरफार दिसेल. प्रत्यक्षात मॅरेथॉन कोणासाठी आहे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणासाठी आणि अव्वल धावपटूंसाठी उजेड हवा असतो. हौशी माणसाला अंधार हवा असतो. दोघांच्या सुरुवातीच्या वेळा वेगळ्या ठेवून हा पेच सुटला. मात्र पहाटे धावायचे, तर रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. मॅरेथॉनच्या दिवशी भल्या पहाटे सुटणाऱ्या खास लोकल हे त्याचे अस्सल मुंबईकर उत्तर आहे. डोंबिवली-विरारहून अंगाला व्हॅसलिन चोपडून, छातीवर क्रमांक लावून निघालेल्यांनी भरलेली ती लोकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मॅरेथॉन केवळ दक्षिण मुंबईची आहे, असे म्हणवणार नाही.

आणखी एक अनुभव कोणत्याही संयोजकाला विकत घेता येत नाही, तो रस्त्याच्या कडेचा. माहीम, शिवाजी पार्क, पेडर रोड परिसरातील रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटे, मिठाचे पाणी घेऊन उभे राहू लागले. कोणी सांगितले नव्हते, कोणाला त्याचे पैसे मिळत नव्हते. अनोळखी माणसाच्या छातीवरचे नाव वाचून त्याला हाक मारणाऱ्या आजीबाई हा या शर्यतीचा खरा प्रायोजक आहे, असे म्हटले तर प्रायोजकांनी राग मानू नये. आरंभापासून २०१७ पर्यंत शर्यतीला एका बँकेचे नाव होते, २०१८ पासून टाटांचे आले. आजीबाई बदललेल्या नाहीत.

वांद्रे-वरळी सागरी सेतू जून २००९ मध्ये खुला झाला आणि २०१० पासून धावपटूंची पावले त्यावर पडू लागली. एरवी पादचाऱ्याला तेथे प्रवेश नाही, दुचाकीलाही नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या या सेतूवरून सामान्य माणसाला पायी जायचे, तर बहुतेक वेळा त्यासाठी मॅरेथॉनचा प्रवेश अर्जच भरावा लागतो. धावपटू तेथे थांबून छायाचित्रे काढतात, वेळेची पर्वा करत नाहीत. यातला आनंद खरा आहे. शहराने पायी चालणाऱ्याला एरवी किती जागा ठेवली आहे, याची टोचणीही त्यात आहे.

परदेशातील मोठ्या शर्यतींचे बालपणही काही फार राजेशाही नव्हते. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्ये सेंट्रल पार्कमध्येच गोल फिरून झाली. १२७ जणांनी सुरुवात केली आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. १९८१ मध्ये लंडनच्या पहिल्या शर्यतीत मात्र सहा हजारांहून अधिक लोकांनी अंतर पार केले आणि डिक बियर्डस्ली व इंगे सिमोनसेन हे आघाडीचे दोघे हातात हात घालून एकत्रच पोहोचले. आज या दोन्ही शर्यतींत प्रवेश मिळणे हेच एक दिव्य झाले आहे. त्या वाढल्या त्या मागच्या धावपटूला सांभाळूनच.

मुंबईच्या यशाने स्पर्धात्मक धावण्याचे भले झाले का, याचे उत्तर मात्र संमिश्र आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर हिने २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. परभणीची ज्योती गवते, नाशिकची 'सावरपाडा एक्स्प्रेस' कविता राऊत यांनाही या रस्त्यांनी ओळख आणि बक्षिसाचे पैसे दिले. २०१५ मध्ये ओ. पी. जैशाने २ तास ३७ मिनिटे २९ सेकंद असा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम मुंबईतच नोंदवला. पुरुषांचे चित्र मात्र निराळे राहिले. शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधर येथे नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ पुढे चार दशकांहून अधिक काळ कोणा भारतीयाला मोडता आली नाही. हौशी धावपटूंची संख्या शेकडोंवरून हजारोंवर गेली, पण त्यातून वेगवान धावपटू आपोआप तयार होत नाहीत. त्याला प्रशिक्षण, आहार आणि नोकरीची हमी लागते. ते एका रविवारचे काम नाही.

आता नव्या शहरांकडे वळू. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे 'मॅरेथॉन' हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की तीन किलोमीटरच्या प्रभातफेरीलाही तो चिकटवला जातो. नावात काय आहे, असे म्हणून ते सोडून देता येईल. पण त्यातून एक गैरसमज पसरतो. टी-शर्ट, पदक, पाहुणा आणि ढोल-ताशा एवढी जुळवाजुळव केली की मॅरेथॉन झाली, असे स्थानिक पुढाऱ्यांना वाटू लागते. अनेक लहान शहरांतील शर्यतींत धावलेल्यांच्या तक्रारी विलक्षण सारख्या असतात. पुढच्यांना पाणी मिळाले, मागच्यांना रिकामे पिंप. चौकातील पोलिसाने ठरल्या वेळेआधीच वाहने सोडली. अंतर मोजले ते मोटारसायकलच्या मीटरवर. रुग्णवाहिका होती, पण ती उद्‌घाटनाच्या मंडपाजवळ.

यातली शेवटची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सर्वांत अनुभवी यंत्रणा असलेल्या मुंबईतही २०२० मध्ये एका ज्येष्ठ स्पर्धकाचा आणि २०२४ मध्ये दोन धावपटूंचा मृत्यू झाला. धावणे धोकादायक आहे, असा याचा अर्थ नव्हे. हजारोंच्या तुलनेत असे प्रसंग विरळाच. पण हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात आणि त्या वेळात विजेच्या धक्क्याचे यंत्र व ते वापरता येणारा माणूस पोहोचला नाही, तर पुढचा सगळा बंदोबस्त व्यर्थ ठरतो. पाण्याचेही तसेच. कमी पाणी घातक, तसेच संथ धावणाऱ्याने प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिणेही घातक. रक्तातील सोडियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हे स्वयंसेवकाला ठाऊक असावे लागते. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना आदल्या दिवशी टोप्या वाटून ते साधत नाही.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. साताऱ्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या हिल मॅरेथॉनने यवतेश्वरच्या घाटालाच आपले वैशिष्ट्य बनवले. पूर्ण मॅरेथॉनचा हव्यास न धरता अर्ध्या अंतरावर, म्हणजे एकवीस किलोमीटरवरच समाधान मानले आणि राज्याबाहेरचे धावपटूही तेथे येऊ लागले. आपल्या रस्त्याला आणि मनुष्यबळाला झेपेल तेवढेच अंतर ठेवण्याचा हा शहाणपणा इतरांनी घ्यायला हरकत नाही.

करोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे मुंबई मॅरेथॉन झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती परतली, तेव्हा इथिओपियाच्या हेले लेमीने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद असा मार्गावरील नवा विक्रम केला. रामालाच्या २००४ मधील वेळेपेक्षा तो आठ मिनिटांहून अधिक सरस. विजेत्याची सुधारणा अशी सेकंदांत मोजता येते. मागून येणाऱ्यांसाठी किती सुधारणा झाली, याचा मात्र एकही आकडा नव्या शर्यतींचे संयोजक जाहीर करत नाहीत. शेवटच्या टेबलावर पाणी किती वाजेपर्यंत होते, रस्ता कधी खुला केला, किती जणांना वैद्यकीय मदत लागली आणि ती किती मिनिटांत मिळाली, हे शर्यतीनंतर आठवडाभरात प्रसिद्ध करण्याची अट महापालिका आणि पोलिसांनी परवानगी देतानाच घालावी. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. प्रवेश शुल्क भरून पहाटे तीनला उठणाऱ्याला पुढच्या वर्षीचा अर्ज भरायचा की नाही हे ठरवण्यासाठी पदकाच्या वजनापेक्षा ही माहिती अधिक कामाची आहे.