ॲडमिन सुटला, पण आपण?

क्लासच्या ग्रुपवर एका मुलीनं रात्री विचारलं, ‘स्कॉलरशिपच्या फॉर्मची लास्ट डेट काय आहे?’ साधा प्रश्न. पहिलं उत्तर आलं, ‘वर बघ की, डोळे नाहीत का?’ मग हसणारे स्टिकर. मग कुणीतरी तिच्या डीपीचाच स्टिकर केला आणि त्यावर घाण कॉमेंट टाकली. मेसेजचा पाऊस पडला, पण तारीख एकानंही सांगितली नाही. ती ग्रुप सोडून गेली आणि फॉर्म राहिला तो राहिलाच.

हा किस्सा ऐकीव नाही. त्या ग्रुपचा एक ॲडमिन मीच होतो. सगळं वाचलं, ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून फोन उलटा ठेवला आणि झोपलो.

पुढं मीडिया लॉ शिकताना एक केस वाचली. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावची. 2016 मध्ये तिथल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तक्रार होती. गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. कारण सरळ होतं. ॲडमिन माणसं घेऊ किंवा काढू शकतो, पण कोण काय टाकणार हे तो आधी तपासू शकत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल, तरच ॲडमिन दोषी. ज्यानं लिहिलं त्याची जबाबदारी मात्र त्याचीच.

वाचून क्षणभर हायसं वाटलं. मग लाज वाटली. कायद्यानं सुटणं आणि बरोबर वागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय 2022 पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. म्हणजे ‘माझ्या हातात काय होतं?’ हेही आता म्हणता येत नाही.

आपल्या वाशीत स्टँडजवळ चहा पिताना कुणी असं बोललं असतं, तर शेजारचा एखादा काका लगेच म्हणाला असता, ‘तोंड सांभाळ रे.’ बोलणाराही वरमला असता, कारण समोर माणूस दिसतो, त्याचा उतरलेला चेहरा दिसतो. ग्रुपवर चेहरा दिसत नाही आणि तो काकाही नसतो. म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं.

त्यासाठी फार काही लागत नाही. उत्तर माहीत असेल तर सांगा, टोमणा राहू द्या. वाद घाला, जरूर घाला, पण मुद्द्यावर. जात, गाव, दिसणं, इंग्रजी यावर नको. चूक सांगायची तर पर्सनलवर सांगा. दुसऱ्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट न विचारता फिरवू नका. आणि कुणाची खेचाखेची हद्द ओलांडायला लागली की एकच ओळ लिहा : ‘बस कर, हे बरोबर नाही.’ ती पहिली ओळ अवघड असते. ती पडली की मागून दुसरी येते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, ग्रुप म्युट करायचा की! पण आपल्याकडं परीक्षेची तारीख, फॉर्म, नोट्स, भरतीची जाहिरात, सगळं ग्रुपवरच येतं. गावाकडून येऊन-जाऊन शिकणाऱ्या पोरीसाठी तो ग्रुपच नोटीस बोर्ड असतो. तिला तिथून हाकलणं म्हणजे तिची संधी काढून घेणं.

परवा ती स्टँडवर भेटली. मी सॉरी म्हणालो. ती एवढंच म्हणाली, ‘तू निदान तारीख तरी सांगायची होतीस.’

आज तुमच्या ग्रुपवर कुणी तारीख विचारली, तर तेवढी सांगून टाका.