पोहण्याचा डायपर आणि सहलीची वर्गणी



एप्रिलमध्ये जयंतीची धावपळ संपते, बुद्ध पौर्णिमा पार पडते, शाळांना सुट्टी लागलेली असते आणि वस्त्यावस्त्यांतून एक दिवसाच्या सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी लेणी पाहायला जायचो, नाहीतर चौपाटीवर. आता मुलांचा हट्ट वॉटर पार्कचा असतो. आमच्या मंडळाची गेल्या वर्षीची सहल तिकडेच गेली. तिथे जे घडले ते आधी सांगते.

दोन बस होत्या. तीन वर्षांच्या आतली अकरा मुले होती. लहानग्यांचा एक वेगळा, गुडघाभर पाण्याचा टब होता, त्यात सगळ्या आया मुलांना घेऊन उतरल्या. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने चौदा महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या साध्या डायपरसकट पाण्यात बसवले. दहा मिनिटांत तो डायपर फुगून पोराच्या गुडघ्यापर्यंत लोंबायला लागला. मग बाजूने फाटला आणि साबुदाण्याच्या खिरीसारखे पांढरे, चिकट गोळे पाण्यावर पसरले. शिट्टी वाजली. सगळ्यांना बाहेर काढले. तिथला माणूस चारचौघांत म्हणाला, "कुठल्या कुठल्या वस्त्यांतून येतात आणि पाणी घाण करून ठेवतात." ती सून कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडत बसली. तिची सासू मला म्हणाली, "ताई, एवढे पैसे भरून आलो ते हे ऐकायला?"

त्याच टबात आणखी एक मूल होते, आमच्याच बसमधले. त्याने खास पोहण्याचा डायपर घातला होता, रंगीत माशांचे चित्र असलेला, मोबाइलवरून मागवलेला. त्या मुलाला आदल्या दोन दिवसांपासून पातळ होत होते. त्याच्या आईने हे मला बसमध्येच सांगितले होते. आणि मी, पालिकेच्या आरोग्य केंद्रात सव्वीस वर्षे परिचारिका म्हणून काढलेली बाई, "त्याला पाणी पाजत राहा" एवढेच बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्याच्यासाठी कुणी शिट्टी वाजवली नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाच मुलांना जुलाब लागले. त्यातली किती त्या टबामुळे आणि किती वाटेतल्या बर्फाच्या गोळ्यामुळे, याचा पंचनामा करायला मी बसलेली नाही. पण त्या दोन मुलांपैकी पाण्याला धोका कोणामुळे होता, हे मला त्या दिवशीही माहीत होते.

साध्या डायपरच्या आत एक भुकटी असते. ती शू शोषून घेते आणि तिचा गोळा बनतो. घरी, प्रवासात ती कामाची आहे. पण पाण्यात बसवल्यावर तिला शू आणि टबातले पाणी यातला फरक कळत नाही. ती पिते, फुगते, जड होते आणि शेवटी डायपर फाटतो. ते गोळे ओंगळ दिसतात, पाण्याच्या गाळणीत अडकतात, मूल चुकून तोंडात घालू शकते. म्हणून साधा डायपर पाण्यात नकोच. पण त्या गोळ्यांमुळे कुणाला हगवण लागत नाही.

पोहण्याच्या डायपरमध्ये ती भुकटी नसते किंवा अगदी कमी असते, म्हणून तो फुगत नाही. त्याचा अर्थ असा की तो शू अडवतच नाही, ती सरळ पाण्यात जाते. तो अडवतो फक्त घट्ट शी, आणि तीही मांडीला नि कमरेला नीट बसला असेल तर. पातळ शी झाली तर जंतू बाहेर यायला काही मिनिटांचा उशीर होतो, एवढेच. अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, हेच सांगते. पाकिटावरचे मासे आणि हसरे बाळ पाहून आईला वाटते, आता काळजी नाही. त्या वाटण्यालाच माझी हरकत आहे.

"पण ताई, पाण्यात औषध असते ना?" असे विचारले जाते. असते. क्लोरीन. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम क्लोरीन नीट राखले, तर जुलाबाचा ई. कोलाय नावाचा जंतू एका मिनिटाच्या आत मरतो. काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूला सुमारे सोळा मिनिटे लागतात. जिआर्डियाला पाऊण तास. आणि क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक जंतू आहे, त्याला कवच असते, तो तेवढ्याच क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून जास्त तग धरतो. हे सगळे क्लोरीन नीट राखले तर. लहान मुलांच्या टबात पाणी थोडे, मुले जास्त, आणि मेचे ऊन क्लोरीन उडवून लावते. त्यात मुलांची तोंडे पाण्याच्या पातळीलाच असतात. दर डुबकीला घोट पोटात जातो. म्हणजे ज्या पाण्यात सगळ्यात जास्त शी-शू होण्याचा संभव, तेच पाणी सगळ्यात जास्त गिळले जाते.

वासाचेही तसेच आहे. तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले की आपण म्हणतो, वा, औषध भरपूर टाकले आहे. तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आणि लोकांची शू, घाम एकत्र येऊन जे बनते त्याचा तो वास असतो. चांगल्या राखलेल्या पाण्याला असा झणझणीत वास येत नाही.

आता त्या माणसाच्या बोलण्याकडे येते, कारण ते माझ्याही जिव्हारी लागले होते. पाणी बाटवल्याचा आरोप आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' केले शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून. आरोग्य केंद्रातल्या बाईच्या नजरेने पाहिले तर त्या दिवशी पाण्यात घाण कोणी घातली, हे सांगायला नको. जंतू जात पाहत नाही, वस्ती की टॉवर हेही पाहत नाही. महागड्या डायपरातल्या जुलाबाचा आणि फाटक्या लंगोटातल्या जुलाबाचा जंतू एकच. त्या माणसाला आमच्या कार्यकर्त्यांनी जाब विचारला, ते योग्यच केले. पण त्या रागाच्या भरात बसमधली दुसरी गोष्ट दबून गेली, आणि ती दाबणाऱ्यांत मीही होते.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याने पाण्यात उतरायचे नाही. डायपर कुठलाही असो. जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलाव, टब, वॉटर पार्क बंद. क्रिप्टोचे जंतू मूल खेळायला लागल्यावरही शीतून पडत राहतात, आणि कुठला जंतू होता याची तपासणी आपल्याकडे कोण करून घेतो? तेव्हा सगळ्यांनाच दोन आठवडे. तोवर ओआरएस, अंगावरचे दूध किंवा नेहमीचे जेवण, आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. आशाताईंकडे दोन्ही मिळतात. शीत रक्त दिसले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणीही प्यायला मागेना, तर दवाखाना गाठा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसच्या लसीचे थेंब सरकारी केंद्रात फुकट मिळतात, ते चुकवू नका.

मूल ठणठणीत असेल, तर मग डायपरचा विचार करू. फेकून द्यायचा विकत घ्यायचा तर बाळाच्या वयावर जाऊ नका, वजनावर घ्या. सैल डायपर काही कामाचा नाही. बाळाला बसवून बघा, पाठीमागे कमरेला फट पडते का, मांडीपाशी बोट सहज आत-बाहेर होते का. तसे होत असेल तर एक माप लहान घ्या. वळ उठेल इतका घट्टही नको. धुऊन पुन्हा वापरायचा कापडी डायपर मिळतो, बटणांनी लहान-मोठा करता येणारा. वर्षातून दोनदा जाणाऱ्या घराला तोच परवडतो, आणि एकीचा दुसरीला देताही येतो, फक्त गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवून द्या. आमच्या वस्तीत शिवणकाम करणाऱ्या दोघीतिघी आहेत. पाणी न शोषणारे दाट विणीचे कापड आत, नायलॉन बाहेर, कमरेला आणि मांड्यांना चांगले इलॅस्टिक, एवढे केले तरी काम होते. साधी चड्डी मात्र पुरत नाही, तिच्या मांडीला पकड नसते. आणि नागडे तर मुळीच सोडू नका. बाळ आहे, काय होते, असे म्हणणाऱ्या आज्याच जास्त असतात, त्यांना प्रेमाने समजवा.

बसमध्ये साधा डायपर ठेवा, पोहण्याचा नको, नाहीतर मांडीवर शू येईल. पाण्यात जायच्या आधी बाळाची शी-शू उरकून, ढुंगण साबणाने धुऊन मगच बदला. अर्ध्या-एक तासाने बाहेर काढून आत पाहा. बदलायचे ते संडासाकडच्या जागेत, टबाच्या काठावर नाही, आणि नंतर आपले हात साबणाने धुवा. बाहेर आल्यावर ओला डायपर तसाच ठेवला की मांड्या लाल होतात, लगेच काढा. आणखी एक: डायपर तरंगायला मदत करत नाही. गुडघाभर पाण्यातही मूल हाताच्या अंतरावर हवे, मोबाइल पिशवीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर न्यायचेच कशाला? त्याला लवकर थंडी भरते आणि सहलीचे त्याला काही कळत नाही.

वापरलेला डायपर संडासाच्या भांड्यात टाकू नका. आतली शी भांड्यात झटकून डायपर कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा आणि डब्यात टाका. तो डबा उपसणारे हात कोणाचे असतात, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. कुणाचा भाऊ, कुणाची सासू त्या कामावर आहे.

मालकांकडूनही मागायला हवे. माणशी तिकीट घेता, तर बाळाचे कपडे बदलायला एक फळी, साबण आणि नळ द्या. पाण्यातले क्लोरीन किती आहे ते दिवसातून काही वेळा मोजा आणि फळ्यावर लिहा. जुलाब झालेल्याने उतरू नये अशी पाटी मराठीत, दारावरच लावा. आणि तुमच्या माणसांना बोलायचे कसे ते शिकवा. यंदा बुकिंगच्या वेळी आमच्या मंडळाने हे लेखी मागितले आहे.

पण खरी अडचण त्या आईची आहे, जी मला बसमध्ये सांगत होती. तिला काय कळत नव्हते का? कळत होते, म्हणूनच सांगत होती. दोन घरची धुणीभांडी करून तिने चौघांची वर्गणी भरली होती. वर्षातली एक सुट्टी. मूल आजारी म्हणून घरी राहिली असती तर पैसे बुडाले असते, मोठी मुलगी रडली असती, नवरा बोलला असता. मी बोलले नाही, कारण हे सगळे मलाही ठाऊक होते. तिला दोष देऊन पुढच्या वर्षी काही बदलणार नाही. पैसे परत मिळणार असतील तर बदलेल.

मंडळाच्या बैठकीत मी हेच मांडले. सहलीच्या आठवड्यात मुलाला जुलाब झाले तर त्या मुलाची आणि सोबत थांबणाऱ्या एका मोठ्या माणसाची वर्गणी पूर्ण परत, निघायच्या सकाळपर्यंत सांगितले तरी. ज्यांना यायचेच आहे त्यांनी मुलाला घेऊन खुशाल यावे, पण ते मूल झाडाखाली सतरंजीवर खेळेल. तिथे आळीपाळीने एक-एक बाई बसेल, म्हणजे आईलाही तासभर पाण्यात जाता येईल. खजिनदार दादा म्हणाले, "आणि खोटे सांगून पैसे परत मागितले तर?" मी म्हटले, सहल सोडून घरी बसण्यासाठी कोण खोटे बोलेल? ते हसले, पण हिशेबाला पक्के आहेत. शेवटी माणशी वीस रुपये जादा घेऊन वेगळे ठेवायचे ठरले. उरले तर परतीच्या वाटेवर सगळ्यांना चहा.

नावनोंदणी विहारात रविवारच्या वंदनेनंतर सुरू आहे. मी तिथे वहीपाशी बसते. नाव लिहिताना मुलाच्या पोटाचे विचारले तर रागावू नका. आणि ती गेल्या वर्षीची सून यंदा येत नाही म्हणते आहे. तिच्याकडे मी एक कापडी डायपर शिवून पाठवला आहे.