आधी धूळ मोजा

21 जानेवारी 2021 रोजी कॅनडाच्या गव्हर्नर जनरल ज्युली पायेट यांनी राजीनामा दिला. दोनदा अंतराळात जाऊन आलेल्या, देशाच्या अभिमानाचा विषय असलेल्या या अंतराळवीर. रिडो हॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या अधिकृत निवासस्थानी आणि कचेरीत, कर्मचाऱ्यांना कसं वागवलं जातं याच्या बातम्या 2020 च्या जुलैपासून येत होत्या. सरकारने बाहेरच्या संस्थेकडून पाहणी करून घेतली. आजी-माजी मिळून 92 जण बोलले. आरडाओरडा, चारचौघांत पाणउतारा, अपमानास्पद शेरे असं बरंच काही अहवालात आलं. राजीनाम्याच्या निवेदनात पायेट यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली होती: आपल्या कारकिर्दीत एकही औपचारिक तक्रार दाखल झाली नव्हती.

ते जसंच्या तसं खरं धरलं, तरी माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब तीच आहे. तक्रारवही कोरी, आणि विचारायला कोणी आलं तर बोलायला 92 माणसं तयार. कॅनडात कायदे होते, संघटना होती, तक्रारीचे अर्ज होते. तरीही सर्वांत वरच्या माणसाविरुद्ध कागद पुढे करायचा कोणी आणि कोणाकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला, त्यांनी अशी कचेरी पाहिलेली असणार.

या स्तंभात आपण बहुतेक वेळा प्रेस, बॉयलर, मचाण यांच्याबद्दल बोलतो. तिथे एक नियम कोणीही मान्य करतो. बोट तुटल्यावर अर्ज भरून घेणं म्हणजे सुरक्षा नव्हे. बोट जिथे जाऊ शकतं तिथे आधी आड घालणं म्हणजे सुरक्षा. मनाच्या बाबतीत मात्र अजूनही बहुतेक कंपन्या बोट तुटण्याची वाट पाहतात. कॅनडाने यावर गेल्या पंचवीस वर्षांत जे काम केलं आहे, ते अपुरं आहे, पण त्याची दिशा बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. ती दिशा समजून घ्यायची तर आधी खाणीत उतरावं लागतं.

ऑन्टारियो प्रांतात एलियट लेक नावाचं गाव आहे. तिथे युरेनियमच्या खाणी होत्या. सिलिकाची धूळ आणि किरणोत्सर्ग यांनी खाणकामगारांची फुप्फुसं पोखरली जात होती. आपल्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण किती आहे, हे कामगारांना कुठून कळलं? फ्रान्समधल्या एका परिषदेत सादर झालेल्या निबंधातून. माहिती सरकारकडे होती. ज्यांच्या छातीत ती धूळ होती त्यांच्याकडे नव्हती. 1974 मध्ये त्यांनी संप केला. त्यातून जेम्स हॅम यांचा आयोग नेमला गेला, 1976 मध्ये त्याचा अहवाल आला आणि ऑन्टारियोचा आजचा व्यवसाय सुरक्षा कायदा उभा राहिला. धोका काय आहे हे जाणून घेण्याचा, सुरक्षा समितीत सहभागी होण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा, असे तीन हक्क कामगाराला मिळाले. या सगळ्यामागचा विचार साधा होता. खोकला येईपर्यंत थांबायचं नाही. हवेतली धूळ मोजायची, आणि ती कमी करण्याची जबाबदारी खाणमालकाची.

मनाच्या धुळीकडे कायद्याचं लक्ष जायला मात्र रक्त सांडावं लागलं. 6 एप्रिल 1999 रोजी ओटावाच्या शहर बससेवेच्या आगारात एका माजी कर्मचाऱ्याने चार जणांना गोळ्या घालून ठार केलं आणि मग स्वतःवरही गोळी झाडली. बोलताना अडखळतो म्हणून सहकारी त्याची टर उडवत असत, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. त्यामुळे चार निरपराध माणसांचा खून तसूभरही क्षम्य होत नाही. पण मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्युरीने तिथेच थांबायला नकार दिला आणि विचारलं की त्या आगारात वर्षानुवर्षं जे चाललं होतं त्याला काय नाव द्यायचं? कामाच्या ठिकाणच्या मानसिक हिंसेचीही कायद्याने दखल घ्यावी, अशी शिफारस तिने केली. ऑन्टारियोने ती लगेच ऐकली नाही. 2005 मध्ये विंडसरच्या रुग्णालयात एका परिचारिकेचा तिथल्याच डॉक्टरने कामाच्या जागी खून केला, पुन्हा चौकशी झाली, आणि मग कुठे 15 जून 2010 पासून हिंसा व छळ यांबद्दलचं धोरण ठेवणं मालकांवर बंधनकारक झालं. फ्रेंचभाषक क्वेबेकने ही वाट आधीच धरली होती. 1 जून 2004 पासून तिथल्या कायद्यात मानसिक छळाची स्वतंत्र व्याख्या आहे. उत्तर अमेरिकेत असं करणारा तो पहिला प्रांत.

पण छळ हा धोक्याचा एकच प्रकार झाला, आणि तोही बहुधा शेवटचा. कॅनडाचं खरं वेगळेपण 2013 च्या जानेवारीत दिसलं. कॅनडाच्या मानसिक आरोग्य आयोगाच्या पुढाकाराने, सीएसए आणि क्वेबेकच्या बीएनक्यू या मानक ठरवणाऱ्या संस्थांनी मानसिक आरोग्य आणि सुरक्षिततेचं राष्ट्रीय मानक प्रसिद्ध केलं. क्रेनचा दोर किती जाड असावा हे सांगणाऱ्या सीएसएनेच, माणसावर कामाचा भार किती आणि कसा असावा याचा विचार करायला मालकांना सांगितलं. मानकात 13 घटक आहेत. सगळ्यांची यादी इथे देत नाही. तीन सांगतो, कारण मुळाशी बहुतेकदा तेच सापडतात. कामाचा भार. आपल्याकडून नेमकी अपेक्षा काय याची स्पष्टता. आणि आपल्या कामाबद्दलच्या निर्णयात आपलं काही चालतं का, हे.

समजा, एखाद्या रुग्णालयातल्या वॉर्डात परिचारिका एकापाठोपाठ एक रजेवर जात आहेत. जुनी पद्धत अशी, की प्रत्येकीला समुपदेशकाचा फोन नंबर द्यायचा, दुपारी योगासनांचा वर्ग ठेवायचा, फोनवर ध्यानाचं अॅप घालून द्यायचं. मानकाची पद्धत वेगळी. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात? ड्यूटीचा तक्ता किती दिवस आधी लागतो? एकाच परिचारिकेला दोन वरिष्ठ एकाच वेळी परस्परविरोधी हुकूम देतात का? रुग्णाच्या नातेवाइकाने अंगावर हात टाकला तर तिच्या मदतीला कोण धावतं? चूक झाली तर ती सांगता येते, की लपवावी लागते? ही झाली धूळ मोजण्याची कामं. मग तक्ता लवकर लावणं, हुकूम एकाच ठिकाणाहून येणं, जास्तीचं माणूस नेमणं, हे उपाय. त्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं, आणि उपाय लागू पडला नसेल तर बदलायचा.

सुरक्षा अधिकाऱ्यांना उपायांची उतरंड पाठ असते. धोका मुळातून काढा. ते जमत नसेल तर त्याजागी कमी धोक्याचं काही आणा, मध्ये आड घाला, कामाची पद्धत बदला. आणि सगळ्यांत शेवटी, अगदीच इलाज नसेल तेव्हा, माणसाच्या तोंडावर मास्क. मनाच्या बाबतीत बहुतेक कंपन्या थेट मास्कपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. समुपदेशनाची गरज मी नाकारत नाही. आजारी पडलेल्याला ते विनाविलंब मिळालंच पाहिजे. पण ज्या टार्गेटने तो आजारी पडला, ते टार्गेट तसंच ठेवून त्याला श्वास कसा घ्यावा हे शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. आजाराची सगळी जबाबदारी पुन्हा त्याच्याच खांद्यावर येते.

आता अपुरेपणाबद्दल. हे राष्ट्रीय मानक ऐच्छिक आहे. कोणी पाळलं नाही तर दंड नाही. 2021 मध्ये याच विषयावर जगभरासाठी आलेलं आयएसओ 45003 हे मानकसुद्धा मार्गदर्शकच. ऑन्टारियोने कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचा मोठा गाजावाजा केला. प्रत्यक्षात 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनी 2022 पासून त्याबद्दलचं एक लेखी धोरण ठेवायचं आहे. त्या धोरणात नेमकं काय हवं, हे कायदा जवळजवळ मालकावरच सोडतो. काम नाकारण्याच्या हक्कात हिंसेची भीती बसते, छळ बसत नाही.

आणि नुकसानभरपाई. दीर्घकाळच्या मानसिक ताणासाठी ऑन्टारियोत 2018 पासून दावा करता येतो, ही मोठी गोष्ट होती. पण पाठ दुखावली तर कामाचा त्यात लक्षणीय वाटा होता एवढं दाखवणं पुरतं. मन दुखावलं तर काम हेच प्रमुख कारण होतं असं सिद्ध करावं लागतं. शिवाय मालकाच्या व्यवस्थापकीय निर्णयांमुळे आलेला ताण दाव्यातून वगळलेला आहे: बदली, पदावनती, कामाचे तास बदलणं, उत्पादनाच्या अपेक्षा वाढवणं. म्हणजे मानक ज्या गोष्टी तपासायला सांगतं, त्यांतल्या बऱ्याच भरपाईच्या कायद्याने दाराबाहेर ठेवल्या आहेत. एकाच देशात एक कागद म्हणतो की कामाचा भार हा धोका आहे, आणि दुसरा म्हणतो की भार वाढवणं हा मालकाचा अधिकार असल्याने त्यातून झालेली इजा मोजायची नाही. ही विसंगती दूर झाली पाहिजे, आणि ती कायद्यानेच होईल. इथेही क्वेबेक पुढे आहे. 2021 मध्ये तिथला सुरक्षा कायदा बदलला आणि मानसिक व सामाजिक धोके ओळखणं हे मालकाचं कर्तव्य झालं. 1 ऑक्टोबर 2025 पासून 20 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणच्या प्रतिबंधक कार्यक्रमात ते धोके, धूळ आणि रसायनं यांच्या रांगेत बसले आहेत.

आपल्या माणसांचा विचार केला की मला जास्त काळजी वाटते. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅल्गरी इथे नोकरी करणारी महाराष्ट्रातली मुलं-मुली बहुतेक वेळा पर्मनंट रेसिडेन्सीच्या रांगेत असतात. त्या अर्जाला मालकाचं अनुभवपत्र लागतं. काहींचा कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर परवान्याला अर्थ उरत नाही. अशा मुलाकडून तक्रारीची अपेक्षा कशी करायची? इकडे आई-वडिलांनी कर्ज काढलेलं असतं. फोनवर तो ‘सगळं छान’ म्हणतो. घरच्यांनीही ‘थोडं सोस, सगळ्यांनाच सोसावं लागतं’ असं म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जून 2019 पासून अशा बांधलेल्या परवान्यावरच्या, छळ होत असलेल्या कामगाराला कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा खुला परवाना मागता येतो. त्यासाठी शुल्क नाही, आणि छळाच्या व्याख्येत मानसिक छळाचाही समावेश आहे. ही माहिती ज्याला हवी त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाही. तुमचं कोणी तिथे असेल तर आज सांगा.

आणि जे तिथे स्थिरावले आहेत, नागरिक झाले आहेत, टीम लीड किंवा मॅनेजर झाले आहेत, त्यांच्याकडून मला यापेक्षा जास्त हवं आहे. ऑन्टारियोत साधारणपणे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी संयुक्त सुरक्षा समिती असावीच लागते आणि तिचे किमान निम्मे सभासद व्यवस्थापनाबाहेरचे असावे लागतात. एलियट लेकच्या खाणकामगारांनी झगडून मिळवलेली ती जागा आहे. घसरडी फरशी, आग विझवण्याची नळकांडी, बंद पडलेला दिवा यांवर तिथे दर वेळी चर्चा होते. पुढच्या बैठकीआधी विषयपत्रिकेत एक मुद्दा लेखी घाला: गेल्या वर्षभरात कोणत्या विभागातून किती जण दीर्घ रजेवर गेले, किती जण सोडून गेले, आणि त्या विभागांत माणसामागे काम किती होतं. उत्तर नसेल तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि त्यापुढच्या बैठकीत तोच मुद्दा पुन्हा मांडा.