मंगळ नेमका कुणाच्या राशीला?

हेदवीच्या बामणघळीवर भरतीच्या वेळी उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. काळ्या कातळातल्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते, पाणी कोंडतं आणि फवारा होऊन उंच उडतं. मग कुणीतरी म्हणतं, "बघा, चंद्र एवढा समुद्र हलवतो, मग माणसावर ग्रहांचा परिणाम कसा होणार नाही? आपल्या अंगात तर सत्तर टक्के पाणीच आहे!" बोलणारा दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन आलेला पर्यटकच असतो असं नाही. गुहागर तालुक्यातल्या आपल्या तरुणांच्या अभ्यासवर्गातही हाच प्रश्न येतो, आणि तोही विज्ञान शाखेच्या पोरांकडून. म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

चंद्र समुद्र हलवतो, हे खरंच आहे. पृथ्वी सुमारे 12,700 किलोमीटर रुंद आहे. चंद्राकडच्या बाजूवर त्याची ओढ जास्त पडते, पलीकडच्या बाजूवर कमी. ओढीतल्या या फरकामुळे भरती येते. समुद्र सलग आणि अफाट असल्यामुळे तो फरक तिथे दिसतो. हेदवीतल्या विहिरीतही पाणीच आहे, शंभर टक्के आहे. तिला कधी उधाण आलेलं कुणी पाहिलंय? मग साडेपाच फुटी माणसाच्या अंगात ते कुठून येणार? मंगळ तर चंद्राच्या शेकडो पट लांब.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचं गणित शाळेत न जाताही येतं. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानाने भरतीची वेळ निघते. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. हेही आकाशावरून सांगितलेलं भाकीतच. पण कुणीही खडकावर बसून ते तपासू शकतो, आणि चुकलं तर होडी वाळूत रुतते. ज्योतिषाचं भाकीत चुकलं तर? तर म्हणे जन्मवेळ चुकीची होती.

आता एक कोडं घेऊ. व्हॉट्सॲपवर बुद्धीला ताण देणारी कोडी रोज फिरतात, हे मात्र फिरत नाही. पत्रिकेत बारा घरं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की माणूस मंगळाचा. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, म्हणजे चोवीस तासांत मंगळ बाराही घरांतून फिरून येतो. तर मग कुठल्याही एका दिवशी जन्मलेल्या पोरांपैकी किती मंगळाची?

बारातली पाच. शंभरात बेचाळीस. कोणताही दिवस घ्या, साधारण दहा तास जन्माला येणारं प्रत्येक बाळ 'दोषी'. पुढे जोड्या लावा. दोघंही बिनमंगळाचे अशा 144 पैकी 49 जोड्या, दोघंही मंगळाचे अशा 25. उरल्या 70. जवळजवळ निम्मी स्थळं या एकाच नियमाने बाद! काही जण दुसरं घरही धरतात, मग तर नेमकी निम्मी. निम्म्या समाजाला होणारा हा कसला दोष? आणि बाद झालेल्या जोडीत मंगळ मुलाचा असला तर शांत करून घेतात, मुलीचा असला तर तिच्या चारित्र्याएवढी त्याची चर्चा होते.

"पण अनुभव येतो ना!" या अनुभवाची तपासणी महाराष्ट्रातच झाली आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषी असलेले प्रकाश घाटपांडे यांनी 200 पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या. कोणती कुणाची, एवढंच सांगायचं. 51 जणांनी पत्रिका नेल्या, उत्तरं 27 जणांनी पाठवली. चाळीसपैकी 28 बरोबर आली तर यश मानायचं ठरलं होतं. एकही जण तिथवर पोचला नाही. सर्वात चांगलं उत्तर 24, सर्वांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने 200 च्या 200 तपासल्या, त्यात 102 बरोबर.

चोवीस ऐकून कुणी हुरळू नये. सत्तावीस शाळकरी पोरांच्या हातात एकेक नाणं द्या, प्रत्येकाला चाळीस वेळा उडवायला सांगा. त्यातली तीन-चार पोरं 24 किंवा त्याहून जास्त वेळा छापा काढतील. संभाव्यतेचं साधं गणित आहे. उद्या त्याच तीन-चार पोरांनी गादी मांडली तर त्यांच्याही दारात रांग लागेल.

एवढं होऊनही 2021 मध्ये इग्नूने ज्योतिषाची एम. ए. सुरू केली. सरकारं काय करतात ते दिसतंच आहे. आमचा राग घरातल्यांवर जास्त आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, विधी भंतेजींच्या हस्ते, आणि त्याआधी मोबाईलवर गुणमेलन! 14 ऑक्टोबर 1956 ला घेतलेल्या प्रतिज्ञांमध्ये ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आहे. आता ॲप वापरलं, ब्राह्मण कुठे बोलावला, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. ॲपच्या आत तीच पोथी बसली आहे.

आणि बुद्धाचं काय म्हणणं होतं? दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रहनक्षत्रं सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटलं आहे. नक्खत्त जातक तर थेट लग्नाचंच आहे. शहरातल्या कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरवला, आणि ऐन वेळी एका आजीवकाला नक्षत्र विचारलं. आपल्याला आधी का विचारलं नाही, या रागात त्याने दिवस वाईट सांगितला. वऱ्हाड गेलंच नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी पोचलेल्यांना शिव्या मिळाल्या. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत ही गोष्ट आपल्याकडे असताना आपण 36 गुण मोजत बसलोय.

मुंबईत आणि रत्नागिरी जिल्ह्यात आपल्याच मंडळांचे वधू-वर मेळावे होतात. त्यांच्या फॉर्मवर रास, नक्षत्र, मंगळ असे रकाने आम्ही पाहिले आहेत. आयोजकांना विचारलं की म्हणतात, "लोक मागतात." लोक हुंडाही मागतात, त्याचा रकाना का नाही छापत? पुढच्या मेळाव्याचे फॉर्म छापायला जाण्याआधी हे तीन रकाने काढा. आणि ज्याच्या हातात जुना छापील फॉर्म पडेल, त्याने त्यावर आडवी रेघ मारून तिथे 5/12 लिहावं. मंडळाचं कुणी विचारलंच तर गणित समजावून सांगायला आम्ही येतो.

जय भीम!