जुमा कॅलेंडरात असतो, तरी मोकळा का दिसतो?

शुक्रवारी दुपारी दीड ते अडीच, ‘जुमा’. अशी दर आठवड्याची नोंद कॅलेंडरात करून ठेवली, की आपण निर्धास्त होतो. तरीही टीमसाठी मोकळी वेळ शोधणारा ऑफिसातला एखादा छोटा प्रोग्राम नेमकी तीच वेळ रिकामी दाखवतो आणि मीटिंग तिथेच लागते. मिहान, आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी यात लगेच द्वेष शोधू नये. आधी कोड पाहावा. मात्र दोष कोडचा निघाला म्हणून तो किरकोळ ठरत नाही.

दर आठवड्याच्या नोंदीचे बावन्न शुक्रवार कॅलेंडर साठवत नाही. ते एकच नोंद आणि एक नियम साठवते. त्या नोंदीवर तारीख असते पहिल्या शुक्रवारची, कदाचित दोन वर्षांपूर्वीची. फिल्टर ‘पुढच्या आठवड्यातल्या नोंदी’ मागतो, जुनी तारीख पाहतो आणि ती गाळून टाकतो. कुठलीही एरर येत नाही. एकदाच ठरलेली भेट दिसते, नित्याची गायब होते.

आऊटलुकमध्ये यावर उपाय आहे, पण त्याला क्रम आहे. आधी नोंदी सुरुवातीच्या वेळेनुसार चढत्या क्रमाने लावायच्या, मग ‘इन्क्लूड रिकरन्सेस’ चालू करायचे आणि त्यानंतर ‘रिस्ट्रिक्ट’ने गाळायचे. गाळताना दोन्ही टोकांच्या तारखा द्यायच्या, कारण शेवट न ठरवलेली मालिका कधी संपतच नाही. ‘काउंट’च्या आकड्यावरही विसंबू नये, नोंदी एकेक करून वाचाव्यात.

दुसरा घोळ अपवादांचा. एखाद्या शुक्रवारची वेळ बदलली, तर तो बदल वेगळा नोंदला जातो. कोड नुसताच नियम उलगडत बसला, तर ती नोंद जुन्या जागीही दिसते आणि नव्या जागीही.

तिसरा घोळ घड्याळाचा. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला येते. 2025 मध्ये आपल्याकडे पहिला रोजा 2 मार्चला होता आणि 9 मार्चला अमेरिकेने घड्याळे तासभर पुढे केली. तीच मीटिंग साडेसहाला आली. नागपुरात त्या दिवसांत इफ्तारची वेळ साधारण तीच! नुसते सात दिवसांचे तास मिळवत जाणारा कोड मात्र ती साडेसातलाच दाखवत राहणार आणि रोजेदाराला टक्कर ऐन वेळी कळणार.

वार्षिक नोंदींचा प्रश्न तर फक्त आपला नाही. दीक्षाभूमीवरचे धम्मचक्र प्रवर्तन 14 ऑक्टोबर 1956 ला झाले. त्या दिवशी विजयादशमी होती. ‘दरवर्षी 14 ऑक्टोबर’ असा नियम लिहिला, तर 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला आलेला दसरा त्यात सापडत नाही. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. कॅलेंडरच्या प्रमाणभूत नियमांत 2015 पासून इतर कालगणनांची सोय आहे, पण चंद्रदर्शनाचा नियम कुठल्याच कोडला लिहिता येत नाही. तिथे तारीख माणसानेच दुरुस्त करायची असते, म्हणून तशी जागा प्रोग्राममध्ये ठेवावी लागते.

असे दोष टिकतात, कारण कोड तपासणाऱ्याच्या स्वतःच्या आठवड्यात त्यांचा फटका बसत नाही. त्याच्या चाचणीतल्या नोंदी सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा अशा एकसारख्या असतात. त्या चाचणीत एक जुमा, एक रमजान आणि एक दसरा घातला, तर हे तिन्ही घोळ पहिल्याच दिवशी उघडे पडतील. खर्च शून्य.

आणि आपल्यासाठीही एक गोष्ट. ‘जाऊ द्या, नमाज नंतर पढू’ म्हणून गप्प बसणे ही सहनशीलता नव्हे. त्याने चूक तशीच राहते. लेखी कळवा, उदाहरणासकट कळवा: कुठली नोंद, कुठला शुक्रवार, प्रोग्रामने काय दाखवले. सवलत मागायची गरजच नाही. कॅलेंडरात लिहिलेले प्रोग्रामला वाचता यावे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य झाली, तर दर मंगळवारी डायलिसिसला जाणाऱ्या सहकाऱ्याची वेळही आपोआप वाचेल.