झडती घ्या, पण आधी सांगा

माझ्या सासूबाईंना एकाहत्तरावं वर्ष चालू आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या दगडी पायऱ्या चढवेनात, म्हणून तीन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलून घेतले. नणंदेचं ऑपरेशन अचानक ठरलं, रेल्वेचं आरक्षण मिळेना, तेव्हा मी त्यांना घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघाले. विमानतळ कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की ती त्या एका ठिकाणची गोष्ट होते.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून त्या गेल्या आणि ती वाजली. वाजणारच, गुडघ्यात धातू आहे. डॉक्टरांचा कागद माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स पट्ट्यावरून पुढे गेलेली. गणवेशातल्या तरुण मुलीने त्यांना पडद्याआड नेलं. पडदा गुडघ्यापर्यंतच येत होता, आणि नीट ओढलाही जात नव्हता. सासूबाईंच्या परकराला आतून शिवलेला खिसा आहे. त्यात पैसे आणि सिद्धरामेश्वराचा अंगारा. त्या खिशाला हात लागला तशा त्या दचकून मागे सरल्या. मग "साडी ऊपर कीजिए" झालं, गुडघ्यावरचे व्रण दाखवणं झालं. बाहेरून एक पुरुष अधिकारी घाई करत होता. सगळं मिळून चार मिनिटं. कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही. तक्रार करावी असं काय घडलं, हे एखाद्याला समजावून सांगणंही अवघड!

विमानात बसल्यावर बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यातली नर्ससुद्धा आधी सांगते की गं, आज्जी, आता हात लावते म्हणून. हिनं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. स्त्रीच्या शरीरावरचा तिचा अधिकार या विषयावर शिबिरांतून तासन्‌तास बोलते. पण हा प्रश्न माझ्या आधी त्यांना पडला.

झडती नको असं मी म्हणत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे गेली. त्यामागचं कारण कळतं. प्रश्न आहे तो झडती कुठे, कशी आणि कुणी घ्यायची याचा. अटकेतल्या बाईची झडती बाईनेच, आणि सभ्यतेचं काटेकोर भान ठेवून घ्यावी, हे इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं. १९७३ च्या संहितेत ते कलम ५१ मध्ये राहिलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये आहे. आरोपी बाईसाठी कायद्याला सव्वाशे वर्षांपूर्वी सभ्यता आठवली. मग तिकीट काढून निघालेल्या बाईच्या वाट्याला आखूड पडदा का?

अभिनेत्री आणि नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला. जयपूर पाय लावून त्या नाचल्या, साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. त्याच बाईंनी ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिडिओतून पंतप्रधानांना विनवलं, की दर वेळी विमानतळावर मला कृत्रिम पाय काढायला लावतात, हे थांबवा. सीआयएसएफने माफी मागितली. असा पाय काढायला सांगणं हे अपवादात्मक परिस्थितीतच करायचं असतं, असा खुलासाही केला. नियम होता, मग पाय दर वेळी का निघत होता? त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की माणसाच्या प्रतिष्ठेसाठी अपंग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढायला सांगू नये.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात आपल्या राजदूत मीरा शंकर यांना रांगेतून बाजूला काढून त्यांची अंगझडती घेतली. राजदूत असल्याचं सांगूनही उपयोग झाला नाही. कारण म्हणे साडी! परराष्ट्रमंत्र्यांनी निषेध केला. सासूबाईंसाठी कोण करणार?

आता त्या गणवेशातल्या मुलीबद्दल. माझा राग आधी तिच्यावरच निघाला, हे कबूल करते. पण परतीच्या प्रवासात मी मुद्दाम रांगा मोजल्या: पुरुषांसाठी चार, बायकांसाठी एक. एक मुलगी, आणि तिच्यापुढे साठ-सत्तर बायका. कुणाचं मूल रडतंय, कुणाचं विमान सुटतंय. आठ तास उभं राहून परक्या शरीरांवर हात फिरवायचा आणि प्रत्येकीची नाराजी झेलायची. सीआयएसएफमध्ये स्त्रियांचं प्रमाण २०२४ मध्ये साधारण सात टक्के होतं. त्या वर्षी नोव्हेंबरात पहिल्या संपूर्ण महिला बटालियनला मंजुरी मिळाली, ही चांगली गोष्ट. पण त्याच वर्षी जुलैत जयपूर विमानतळावर काय झालं? पहाटे कामावर निघालेल्या विमान कंपनीच्या एका कर्मचारी स्त्रीचा फाटकावर तपासणीवरून वाद झाला, तिने अधिकाऱ्याला थप्पड मारली, तिला अटक झाली. तो आपल्याशी अश्लील बोलला, असा तिचा आरोप. खरं-खोटं मी ठरवत नाही. पण त्या क्षणी फाटकावर तपासणीला बाई नव्हती, तिथून सगळं सुरू झालं. टीव्हीवर थप्पड दिवसभर दाखवली. बाई का नव्हती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एकीने रोखठोक विचारलं, "विमानाने जाणाऱ्या बायका किती? विडी कामगारांचे प्रश्न सोडून हे काय?" प्रश्न रास्त आहे. जून २०२५ मध्ये सोलापुरातून गोव्याचं विमान सुरू झालं, म्हणून विडी वळणारी बाई काही त्यात बसायला गेली नाही. पण तेच हातातलं यंत्र आणि तोच आखूड पडदा तिला इतरत्र भेटतोच. मोर्चाचं निवेदन घेऊन मंत्रालयाच्या दारात, मुलाला भेटायला तुरुंगाच्या फाटकावर. तिथे तर तिला काही विचारायची हिंमतही होत नाही. विमानातली बाई निदान व्हिडिओ करू शकते. म्हणून तिने मागितलेलं साऱ्याजणींच्या उपयोगी पडेल असं मला वाटतं. चारी बाजूंनी बंद होणारी खोली, स्त्री-कर्मचाऱ्यांची पुरेशी संख्या, आणि हात लावण्याआधी प्रवाशाला कळेल अशा भाषेत एक वाक्य. याला खर्च किती येईल? शेवटच्या गोष्टीला तर काहीच नाही.

प्रवासात बंद खोलीत तपासणी मागता येते, हे मला त्या दिवशी माहीत असूनही सुचलं नाही. मैत्रिणींनो, तुम्ही मागा. आणि वैद्यकीय कागद पर्समध्ये ठेवू नका, हातात ठेवा.

तक्रारीचं पत्र लिहायला बसले तेव्हा सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. मी त्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लक्षात ठेवलं होतं, ते लिहू लागले. त्यांनी हात धरला.

"तिचं नाव घालू नको. पडदा आखूड आहे, ते लिही."